कशाला जायचं?

लावणी उरकली असेल, कंबर जरा सरळ झाली असेल. चहाचं आधण ठेवा आणि रेडिओजवळ बसा. आज आम्ही एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. प्रश्न दोनच शब्दांचा आहे आणि तो आपण सगळ्याजणींनी ऐकलेला आहे. ‘कशाला जायचं?’

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतल्या चौदा बायका. आमचा बचत गट आहे. गेल्या श्रावणात मासिक बैठकीत एकीनं विषय काढला, की एक दिवस आपण सगळ्या मिळून रत्नागिरीला जाऊ आणि पावसातला समुद्र बघू. जिल्हा समुद्राकाठचा, पण आमच्यातल्या तिघींनी भर पावसातला समुद्र कधी पाहिलाच नव्हता. सगळ्यांनी हो म्हटलं. घरी गेलो आणि घरोघर तोच प्रश्न आला. ‘काय काम काढलंत? कशाला जायचं?’ काम काहीच नव्हतं, त्यामुळे उत्तरही सुचलं नाही.

मग आम्ही ठरवलं, की हा प्रश्न आपल्या आधीच्या बायकांना कोणी विचारला आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते शोधू. वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसलो. शाळेतल्या गुरुजींकडून पुस्तकं आणली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात पावसापासूनच करू. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे आपल्याकडे वर्षाचे दोन भाग. मृग लागायच्या आधी आगोटीची बेगमी. लाकडं नि शेणी आत घ्यायच्या. सुकी मासळी, आमसुलं, कुळीथ, मिरच्या, मीठ, फणसाचे पापड भरून ठेवायचे. पडवीला झापं बांधायची. कारण एकदा पाऊस सुरू झाला, की वाडी म्हणजे बेट व्हायचं. पऱ्याला पाणी आलं की पलीकडची वाडीसुद्धा परगाव. साकव म्हणजे दोन पोफळीची खोडं नि वर काठीचा आधार. तो वाहून गेला की पाणी उतरेपर्यंत वाट बंद.

मग अशा पावसात बायका घरातच बसायच्या का? छे! पाठीवर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर भात कोण लावत होतं? आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, असं करत करत सगळ्या वाडीची लावणी बायकाच काढायच्या. पावसानं आपल्याला कधी अडवलं नाही. कामाला जाताना कोणी विचारलंही नाही, की एवढ्या पावसात कशाला जाता. हे आधी लक्षात ठेवायचं, पुढे उपयोगी पडेल.

आमच्या वाडीतल्या सर्वांत मोठ्या आजी आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना विचारलं, ‘आजी, तुमच्या लग्नानंतर तुम्ही फिरायला कुठे जायचात?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘पाणवठ्यावर गो.’ आम्हाला वाटलं थट्टा करतायत. पण त्या खरंच सांगत होत्या. पाण्याला जायचं, धुण्याला जायचं, रानात लाकडांना जायचं. तिथे चार जणी भेटायच्या. सासू तिथवर येत नसे. हसायचं ते तिथे आणि रडायचं तेही तिथेच. घरी परत येताना डोक्यावर भरलेला हंडा असला, की उशीर का झाला असं कोणी फार विचारत नसे.

पण मैत्रिणींनो, पाणवठ्याची ही गोष्ट सगळ्याजणींची नव्हती. आपल्याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्यावर, माणसांना पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब तिथे जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. स्वच्छ राहा, नीट लुगडं नेसा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. त्या बायका घर सोडून, वाट तुडवत महाडला आल्या होत्या. त्यांच्यासाठी बाहेर पडणं हीच मोठी गोष्ट होती. आमच्या गटातल्या एका काकींची आजी वाडीच्या विहिरीवर दुसऱ्या कोणी पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभी राहायची. काकींनी हे आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. दहा वर्षं आम्ही एका सतरंजीवर बसतोय, पण हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, पुरुषांची. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातला गडी मुंबईला जायला लागला. गिरणीत, गोदीत, मिळेल तिथे. तो चाकरमानी झाला. गणपतीला नि शिमग्याला यायचा, बाकी मनीऑर्डर यायची. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. २०११च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. म्हणजे गाव चालवलं कोणी? शेत, गुरं, म्हातारी माणसं, मुलं, सावकाराचा हिशेब, सगळं बायकांनी.

पण परवानगी मात्र मुंबईहून यायची! आजींनी एक किस्सा सांगितला. त्यांच्या थोरल्या जावेला बहिणीच्या गावी जायचं होतं, बहीण बाळंत झाली होती. जाऊबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी पोस्टमनकडून नवऱ्याला पत्र लिहून घेतलं. उत्तर यायला महिना लागला. तोवर बारसं होऊन गेलं होतं. उत्तरात लिहिलं होतं, ‘हरकत नाही, जाऊन ये.’ आजी सांगतात, जाऊबाईंनी ते पत्र पुष्कळ वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. रागानं की मायेनं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मुंबईला जायची वाट तेव्हा समुद्रातून होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी चालू झाल्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायचं. बोट किनाऱ्याला लागत नसे, ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. तिथवर पडावातून जायचं. पडाव खालीवर, बोट खालीवर, आणि मधल्या शिडीवर कडेवर पोर घेतलेली, नऊवारी सावरणारी बाई. खाली खलाशी ओरडायचा, ‘आता चढा!’ आजी १९६०च्या सुमाराला अशा बोटीतून नवऱ्याकडे गेल्या. आधी पायी, मग होडीनं जयगडपर्यंत, मग बोट. रात्रभर बोट लागली, काही खाल्लं ते पोटात ठरलं नाही. तरी त्या म्हणतात, ‘पहाटे मुंबईचे दिवे दिसले तेव्हा वाटलं, जग केवढं असतं.’

पावसाळ्यात मात्र या बोटी बंद. तीन-चार महिने मुंबई तुटायची. पावसातला समुद्र काय करतो हे कोकणानं पाहिलेलं आहे. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं होती ती. त्या साली किनाऱ्यावरच्या किती घरांत अंधार झाला असेल! आमच्या सासवा पावसात बाहेर निघताना जो हात धरायच्या, त्यामागे अशी भीतीही होती. प्रत्येक ‘कशाला जायचं?’ हा दरारा नसतो, कधी ती काळजीही असते. हे कबूल करायला हवं.

आता एका वेगळ्या बाईची गोष्ट ऐका, तीसुद्धा आपल्या तालुक्यातली. देवरुखच्या जोशींच्या घरची गोदूबाई. लहानपणीच लग्न झालं नि लहानपणीच नवरा गेला. त्या काळात अशा मुलीनं घराचा मागचा दरवाजा एवढंच जग मानायचं. तिचा भाऊ मुंबईत होता, त्यानं तिला मुंबईला नेलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. त्या शाळेत आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही देवरुखची गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केलं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. या पुनर्विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पण ती मागे फिरली नाही. पुढे तिनं ‘माझे पुराण’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं. देवरुखहून आम्ही बाजाराला, दवाखान्याला किती वेळा जातो! याच वाटेनं एक मुलगी शिकायला बाहेर पडली होती, हे आम्हाला या वर्षी कळलं.

बाकीच्या बायकांना बाहेर पडायला एकच कारण चालायचं. देव. श्रावणातले सोमवार. नागपंचमीला माहेर. भाद्रपदात पऱ्याकाठच्या तेरड्याची गौर आणायला सगळ्यांनी मिळून जायचं आणि रात्रभर झिम्मा-फुगड्या. संक्रांतीला मार्लेश्वरची जत्रा. राजापूरची गंगा आली, अशी बातमी आली की उन्हाळ्याच्या चौदा कुंडांवर अंघोळीला. गंगेचा येण्याचा नेम नाही, त्यामुळे ती आली की घरच्यांना नाही म्हणता येत नसे! आजी डोळे मिचकावून म्हणाल्या, ‘गंगा आम्हाला सोडवायला यायची.’ खाली सिंधुदुर्गात दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा, रात्रभर दशावतार. बाई देवाला गेली म्हणजे पुण्य, आणि बांगड्या भरल्या, भजी खाल्ली, मैत्रिणीशी बोलली, ते देवाच्या पदरात. आम्ही देवाला कमी लेखत नाही. पण इतकी वर्षं आपला आनंद देवाच्या नाहीतर कामाच्या ओच्यात लपवून न्यावा लागला, हेही खरं आहे.

मग आली एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या काळात ती घाट उतरून आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. कोकणातल्या बाईसाठी एसटीनं जे केलं ते मोजून सांगता यायचं नाही. मुक्कामाची गाडी संध्याकाळी गावात यायची, रात्री देवळाजवळ उभी राहायची नि पहाटे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे. ‘काकी, आज माहेरी वाटतं?’ असं विचारणारे. त्यामुळे बाई एकटी गाडीत बसली तरी घरच्यांना घोर नसायचा. पाटीवाल्या मासेवालीला गाडी मिळाली, तिचे चार मैल वाचले. मुलींना हायस्कूलला जाता आलं. आमच्या गटातल्या ज्या सहा जणी दहावीपर्यंत शिकल्या, त्या सगळ्या एसटीच्या पासवर शिकल्या.

त्यानंतर कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. डोंगर पोखरून बोगदे, दऱ्यांवर पूल. पावसात तिचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, पण चालतात. ज्या चार महिन्यांत आजींची मुंबई तुटायची, त्याच चार महिन्यांत आमच्या लेकी मुंबईहून येतात. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही.

म्हणजे बघा. साकवाच्या जागी पूल झाला. पडावाच्या जागी रेल्वे झाली. तिकीट अर्धं झालं. पत्राला महिना लागायचा, आता फोन हातात आहे. सगळं बदललं. मग प्रश्न तसाच कसा राहिला? आमच्या लक्षात आलं ते असं. वाट कधीच एवढी मोठी अडचण नव्हती. कामाला आपण वाट नसतानाही जात होतो. अडचण कारणाची होती. बाईनं बाहेर जायला कारण लागतं, पुरुषानं नाक्यावर जायला लागत नाही. तो ‘जरा जाऊन येतो’ म्हणतो नि चपला घालतो. आपण ‘जरा जाऊन येते’ म्हटलं, की समोरून लगेच प्रश्न.

तर श्रावणातल्या त्या दिवशी आम्ही निघालो. चौदापैकी अकरा जणी आलो. एकीच्या सासूबाई आजारी होत्या, एकीचं गुरू व्यायला झालं होतं. एकीला घरून नाहीच म्हणाले. आलेल्या अकरांतल्या एकीनं घरी बँकेचं काम सांगितलं होतं, हे तिनं गाडी हातखंब्याला पोचल्यावर कबूल केलं. आम्ही हसलो, पण मनातून कोणालाच हसू आलं नाही.

रत्नागिरीत आधी थिबा राजवाड्यात गेलो. ब्रह्मदेशचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं नि राणी सुपायालात आणि मुलींसकट त्याला देशाबाहेर काढलं. १८८६ पासून ते रत्नागिरीत होते. हा वाडा १९१० साली त्यांच्यासाठी बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. केवढ्या राज्याची राणी, नि तिला पहाऱ्यात राहावं लागलं. तिच्या लेकी इथल्याच पावसात वाढल्या. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू तर पुढे जन्मभर रत्नागिरीकरच झाली. आम्ही त्या मोठ्या खिडकीशी उभ्या राहिलो. आमच्यातली बँकेचं काम सांगून आलेली बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘राणीलाही विचारूनच बाहेर पडायला लागायचं म्हणजे.’

तिथून मांडवी. पाऊस धो धो पडत होता. छत्र्या उलट्या झाल्या तेव्हा मिटूनच टाकल्या. समुद्र मातकट झाला होता आणि लाटा धक्क्यावर आपटून माणसाच्या डोक्यावरून जात होत्या. ज्या तिघींनी तो कधी पाहिला नव्हता, त्या हात धरून उभ्या होत्या. आजींना आम्ही बरोबर आणलं होतं, त्यांचं तिकीट नव्हतंच. त्या म्हणाल्या, ‘याच पाण्यातून गेले होते मी. तेव्हा नीट बघितलं नाही, पोर सांभाळत होते.’ मग त्यांनी अर्धा तास फक्त समुद्र बघितला. आम्ही गरम भजी खाल्ली, चहा प्यायलो. देवदर्शन केलं नाही, बाजारही केला नाही. संध्याकाळच्या गाडीनं भिजलेल्या अंगानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बँकवाल्या मैत्रिणीनं घरी खरं काय ते सांगितलं. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी चूल सारवता सारवता विचारलं, ‘लाटा केवढ्या होत्या?’ पुढच्या वेळी त्याही यायचं म्हणतायत. जिला घरून नाही म्हणाले, ती मात्र अजून गप्प आहे. तिच्यासाठी आम्हाला काहीतरी करायला हवं, आणि काय ते अजून ठरलेलं नाही.

पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत या सहलीची नोंद करायची होती. आमच्या वहीत एक रकाना आहे, ‘प्रवासाचं कारण’. तालुक्याला जाणं, बँक, प्रशिक्षण, असं तिथे लिहितो. सचिव पेन धरून बसली. कोणी म्हणालं, ‘ऐतिहासिक स्थळाला भेट’ लिही. कोणी म्हणालं, ‘अभ्यासदौरा’ लिही, बरं दिसेल. आजी मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘समुद्र बघितला, असं लिही गो.’ तेवढंच लिहिलं.

मैत्रिणींनो, आज घरात जी सर्वांत मोठी बाई असेल तिच्याजवळ बसा. तिला विचारा, ती पहिल्यांदा गावाबाहेर कधी गेली, कशातून गेली, कोणाला विचारून गेली. आणि काही काम नसताना, नुसतं मनात आलं म्हणून ती कधी कुठे गेली का, तेही विचारा. उत्तर लिहून ठेवा. आपल्या गावाच्या इतिहासातलं ते एक पान आहे, आणि ते आपल्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

पाऊस जपून काढा. नमस्कार.